फुकट आणि मुक्त : वंशावळीच्या मालकीचा प्रश्न

१/
फुकट आणि मुक्त हे दोन शब्द मराठीत एकमेकांच्या जवळही फिरकत नाहीत. फुकटची वस्तू कोणाच्या तरी मर्जीने मिळते. मुक्त माणूस कोणाच्या मर्जीत नसतो. तरीही घराण्याची वंशावळ इंटरनेटवर चढवताना मराठी माणूस एकच प्रश्न विचारतो : पैसे पडतात का? चढवलेली वंशावळ उद्या कोणाच्या ताब्यात असेल, हा प्रश्न राहूनच जातो. हा धागा त्या राहून गेलेल्या प्रश्नाचा आहे. 🧵

२/
महाराष्ट्रात वंशावळ हा फावल्या वेळचा छंद कधीच नव्हता. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी ही वतने वंशपरंपरेने चालत. भाऊबंदांत तंटा उभा राहिला की प्रकरण गोतसभेपुढे जाई, आणि वादी-प्रतिवादी आपापला ‘करिना’ लिहून देत. मूळ पुरुष कोण, वतन कोणाकडून मिळाले, थोरली शाखा कोणती, धाकटी कोणती, दत्तक कोण आला, परागंदा कोण झाला, याची ती सविस्तर हकिगत असे.

३/
म्हणजे मराठीतील घराण्यांचे कितीतरी जुने इतिहास हे मुळात कैफियती आहेत. ते हक्क सांगण्यासाठी लिहिले गेले. म्हणूनच त्यांत बनावट कागदही शिरले, आणि ते ओळखण्याची कसोटीही त्याच व्यवहारात तयार झाली : साक्षी, शिक्के, महजर, शेजारगावचे जुने कागद. ज्याच्या हाती कागद, त्याची बाजू बळकट. ही गोष्ट सतराव्या शतकातील पाटलाला जेवढी कळत होती, तेवढी आजच्या सुशिक्षित वारसाला कळत नाही.

४/
या स्मृतीचे राखणदार अनेक होते. घरच्या माळ्यावर फडक्यात बांधलेले रुमाल होते. नाशिक, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या होत्या. यजमान आला की त्याच्या आजा-पणजाची नावे वाचून दाखवली जात आणि नव्या पिढीची नावे खाली लिहून घेतली जात. दक्षिण महाराष्ट्रात बैलावरून येणारे हेळवी घराण्यांच्या पिढ्या तोंडपाठ सांगत. एकाकडची नोंद हरवली तरी दुसऱ्याकडे तिचा माग लागण्याची शक्यता उरत असे.

५/
मग कंपनी सरकारचा इनाम कमिशन आला. १८५२ च्या ११ व्या कायद्याने त्याला अधिकार मिळाले. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या इनामांचा पुरावा मागण्यात आला आणि पेशवे दफ्तरातील रुमाल त्यासाठी चाळले गेले. ज्यांना कागद दाखवता आला नाही, त्यांच्या इनामांवर गदा आली. उपभोग खरा असला तरी भागेना. सरकारला पटेल असा कागद हवा. ‘कागद नाही, म्हणून हक्क नाही’ हे सूत्र तेव्हापासून मराठी मुलखाच्या पाठीस लागले ते आजवर सुटलेले नाही.

६/
जातीच्या दाखल्यासाठी महाराष्ट्रात आजही मानीव दिनांकांपूर्वीचा पुरावा द्यावा लागतो : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. सोबत प्रतिज्ञापत्रावर वंशावळ. शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, गावचे कोतवाल बुक, खासरापत्रक यांतले एक नाव आणि अर्जदाराचे नाव यांच्यामधली साखळी तुटली, तर प्रवेश अडतो, नोकरी अडते.

७/
२०२३ पासून मराठवाड्यात व नंतर राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीकडे ते काम आले, आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. त्या मागणीच्या राजकारणावर मतभेद असू शकतात. पण शंभर वर्षांपूर्वीच्या एका मोडी ओळीवर एखाद्या विद्यार्थ्याचे पुढचे आयुष्य ठरू शकते, हे त्या शोधाने सर्वांसमोर आणले.

८/
एवढ्या मोलाची वंशावळ आज कोठे ठेवली जाते? परदेशी कंपनीच्या ‘मोफत’ खात्यावर. तिथे झाड सुंदर दिसते, पानांवर छायाचित्रे बसतात, नातेवाइकांना दुवा पाठवता येतो. २०२० साली ‘ॲन्सेस्ट्री’ ही कंपनी ‘ब्लॅकस्टोन’ या गुंतवणूक संस्थेने ४७० कोटी डॉलरना विकत घेतली. त्या किमतीत केवळ यंत्रे आणि इमारती मोजल्या गेल्या नव्हत्या. लक्षावधी कुटुंबांनी स्वतःच्या हातांनी भरलेली नातीगोतीही त्यात होती.

९/
या बाजाराचा गेल्या काही वर्षांचा इतिहास पाहावा. कुटुंबांनी छायाचित्रे आणि पत्रे ठेवलेले ‘मायफॅमिली’ हे संकेतस्थळ २०१४ च्या सप्टेंबरात बंद झाले. ‘फॅमिली ट्री मेकर’ हे लोकप्रिय सॉफ्टवेअर यापुढे विकणार नसल्याचे मालक कंपनीने डिसेंबर २०१५ मध्ये जाहीर केले. दुसऱ्या कंपनीने ते घेतले म्हणून निभावले. २०१८ मध्ये ‘मायहेरिटेज’च्या ९ कोटी २० लाखांहून अधिक खात्यांचे ईमेल पत्ते व सांकेतिक रूपातील पासवर्ड बाहेर सापडले.

१०/
आणि मार्च २०२५ मध्ये ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या जनुकीय चाचण्या करणाऱ्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. ग्राहकांनी थुंकीच्या नळीतून दिलेला कुळाचा ठसा त्या क्षणी कंपनीच्या मालमत्तेतला एक जिन्नस ठरला. वतनाचा लिलाव मराठी इतिहासाला ठाऊक आहे. वंशाचाच लिलाव होऊ शकेल, अशी कल्पना मात्र कोणत्याही करिन्यात सापडणार नाही.

११/
यावर एक ठरलेला युक्तिवाद असतो : घरातल्या कागदांना तरी कोठे अमरपट्टा आहे? वाळवी आहे, पूर आहे, रद्दीवाला आहे. हे खरेच आहे. पण त्याचे उत्तर वि. का. राजवाड्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. वाड्यावाड्यांतून हिंडून मिळवलेले कागद त्यांनी स्वतःच्या पेटीत कोंडले नाहीत. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे खंड निघू लागले. ते २२ झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले.

१२/
राजवाड्यांचे सूत्र साधे होते. एका हाती असलेला कागद मरतो. अनेक हाती गेलेला कागद जगतो. मूळ जपावे, नक्कल पसरवावी, आणि नक्कल करण्याचा अधिकार कोणी अडवू नये. संगणकाच्या जगात हेच सूत्र मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीने मांडले. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, आणि पुढे या चळवळीने चार स्वातंत्र्ये सांगितली : हव्या त्या कामासाठी चालवणे, आतून अभ्यासणे व बदलणे, इतरांना देणे, आणि बदललेली आवृत्तीही वाटणे.

१३/
वंशावळीसाठी या परंपरेत ‘ग्रॅम्प्स’ आहे. २००१ पासून स्वयंसेवक ते घडवत आले आहेत. ते स्वतःच्या संगणकावर, इंटरनेटविनाही चालते. माहितीची फाइल घरातच राहते. नावे थेट देवनागरीत लिहिता येतात. घराण्याला स्वतःच्या सर्व्हरवर सामायिक झाड हवे असेल तर २०१० पासून ‘वेबट्रीज’ आहे. दोन्हींचा परवाना असा की उद्या मूळ निर्माते निघून गेले, तरी सॉफ्टवेअर कोणालाही पुढे चालवता येईल.

१४/
एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात वंशावळ नेण्यासाठी ‘गेडकॉम’ नावाची फाइलपद्धती वापरतात. ती १९८४ मध्ये अमेरिकेतील मॉर्मन चर्चने तयार केली, २०२१ मध्ये तिची सातवी आवृत्ती खुल्या परवान्याने आली. हा मोठा उपकार आहे आणि तो मान्य केला पाहिजे. पण कोणताही फॉर्म तयार करणारा माणूस आपले जग त्या फॉर्मात ठेवतो, हेही तितकेच खरे. गेडकॉम उघडून पाहिले की ते जग दिसते.

१५/
त्यात त्या चर्चच्या मंदिरविधींसाठी स्वतंत्र रकाने आहेत. ज्यू पंचांग आहे, फ्रेंच राज्यक्रांतीचे पंचांगही आहे. शालिवाहन शक नाही. गोत्राला, कुलदैवताला, वतनाला जागा नाही. जातीसाठी मात्र एक रकाना आहे आणि त्याचे नावच ‘कास्ट’. परक्या नजरेला या देशाच्या घराण्यांत नेमके काय दिसले, याचा हा पुरावा पुरेसा बोलका आहे.

१६/
पंचांगाची अडचण शोभेची नाही. पेशवाईतील कागदावर ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ असे लिहिलेले असते : दोन, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे सुहूर सन ११७२, म्हणजे इ. स. १७७१-७२. दुसऱ्या कागदावर शके १६९३ असते. वर्ष तेच. संगणकाला यातले काहीच कळले नाही तर तो दोन्ही तारखा नुसता मजकूर म्हणून ठेवतो, पिढ्यांचा क्रम लावताना त्या वगळतो, आणि बाप मुलाच्या मागे पडतो.

१७/
नावांचीही तीच गत. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका विद्यार्थ्याची नोंद झाली : भिवा रामजी आंबेडकर. घराण्याचे आडनाव सकपाळ, मूळ गाव आंबडवे. ‘आडनाव वंशपरंपरेने एकच असते’ असे धरून चालणाऱ्या यंत्रापुढे ही नोंद ठेवली, तर त्याच्या लेखी सकपाळ हे एक घराणे आणि आंबेडकर हे दुसरे. महाराष्ट्रात आडनाव गावावरून, हुद्द्यावरून, धंद्यावरून पडले, बदलले, टाकले गेले आणि घेतलेही गेले. त्या बदलातच इतिहास असतो.

१८/
सर्वांत मोठी पोकळी बायकांची. जुन्या छापील कुलवृत्तान्तांत अनेकदा मुलीची नोंद तिच्या लग्नाशी संपते, आणि सुनेची नोंद सासरी ठेवलेल्या नावाने सुरू होते. एकाच बाईची दोन अर्धी आयुष्ये दोन वेगवेगळ्या पुस्तकांत पडून राहतात. एका व्यक्तीला माहेरचे व सासरचे अशी दोन्ही नावे जोडण्याची सोय ग्रॅम्प्समध्ये आणि गेडकॉममध्येही आहे. ती न वापरण्याचा दोष यंत्राचा नव्हे. तो जुन्या सवयीचा दोष आहे, आणि नवे साधन हाती घेऊनही ती सवय सोडली नाही, तर कुलवृत्तान्ताची चूक संगणकावर पुन्हा छापल्यासारखे होईल.

१९/
मुक्त असण्याचा अर्थ येथे हाताला लागतो. बंद सॉफ्टवेअरमध्ये शालिवाहन शक हवा असेल तर ग्राहकसेवेला विनंती करावी आणि वाट पाहावी. ग्रॅम्प्समध्ये गोत्र, वतन, कुलदैवत यांचे रकाने वापरणाऱ्याला आजच स्वतः जोडता येतात. पंचांगासाठी आतली संहिता उघडी आहे, ती पायथॉन या सर्वपरिचित संगणकभाषेत आहे. पुण्यात आणि हिंजवडीत ती भाषा येणाऱ्यांची वानवा नाही. परदेशी बँकांचे हिशेब बिनचूक ठेवणाऱ्या हातांना आजोबांच्या कागदावरची तारीख यंत्राला शिकवणे जड जाऊ नये.

२०/
मग ‘फॅमिलीसर्च’चे काय? ते तर पूर्ण मोफत आहे. त्यामागची युटा राज्यातील वंशशास्त्र संस्था १८९४ मधली. १९३८ पासून तिने जगभरच्या नोंदी सूक्ष्मपटावर उतरवल्या, आणि सुमारे २४ लाख पटांचे अंकीकरण २०२१ मध्ये पूर्ण केले. हरिद्वारच्या पंडांच्या वह्याही तिने टिपल्या. त्याबद्दल कृतज्ञता हवीच. पण हा संग्रह त्या चर्चच्या धार्मिक हेतूने उभा आहे. ज्यूंच्या वंशसंहारात मारल्या गेलेल्यांच्या नावे मरणोत्तर बाप्तिस्मा देण्यावरून वाद पेटला, आणि १९९५ मध्ये तो थांबवण्याचा करार करावा लागला.

२१/
येथे कोणाला खलनायक ठरवायचे नाही. दुसऱ्याच्या भांड्यात पाणी ठेवले की ते भांडे कशासाठी वापरायचे हे दुसरा ठरवतो, एवढेच लक्षात घ्यायचे आहे. आणि एक अवघड प्रश्नही : हरिद्वारच्या वह्या टिपायला युटाहून माणसे येतात, मग नाशिक-त्र्यंबकच्या वह्या जपण्यासाठी मराठी समाजाने काय केले? तक्रार करण्याचा अधिकार राखणदारी करणाऱ्याला शोभतो.

२२/
मॉरिशसचे उदाहरण घ्यावे. १८३४ पासून करारबद्ध मजूर म्हणून सुमारे साडेचार लाख भारतीय तेथे गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणातील मराठी लोकही होते. त्यांची कागदपत्रे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत : क्रमांक, नाव, बापाचे नाव, गाव, वय, उंची, अंगावरची खूण, जहाज, काहींचे छायाचित्रही. परक्या कारकुनाने ऐकले तसे नाव लिहिले, आणि पुढे कित्येक घरांत पूर्वजाचे पाळण्यातले नावच आडनाव होऊन बसले.

२३/
अशा घरातला पाचव्या पिढीतला वारस रत्नागिरी जिल्ह्यात गाव शोधत येतो, तेव्हा त्याच्या हाती रोमन लिपीतला एक विद्रूप शब्द असतो. इकडे गावच्या दफ्तरात तेच नाव मोडीत पडलेले असते. ही दोन टोके जोडायला पैसा फार लागत नाही. दोन्हीकडच्या नोंदींची खुली, शोधता येणारी, कोणालाही उतरवून घेता येणारी सूची लागते. तशी सूची एखाद्या कंपनीच्या भिंतीआड गेली, तर वारसाला आपल्याच पणजोबांच्या भेटीचे तिकीट काढावे लागेल.

२४/
आक्षेप असाही येतो की हा सगळा कुळाच्या बडेजावाचा उद्योग. चार पिढ्या मागे गेले की प्रत्येकाला कोणी ना कोणी सरदार भेटतो. आक्षेप खोटा नाही. संकेतस्थळांवर एकाने ठोकून दिलेला मूळ पुरुष शंभर जण उचलतात आणि तो खरा होऊन बसतो. यावर औषध जुनेच : प्रत्येक विधानाला कागदाचा आधार. ग्रॅम्प्समध्ये प्रत्येक नोंदीला साधन जोडता येते, त्यावर किती भरवसा ठेवावा हेही नोंदवता येते. ज्या झाडाला साधने नाहीत ते झाड म्हणजे रांगोळी. दिसते सुरेख, मुळे नाहीत.

२५/
आणि ज्यांच्या घरी रुमाल नव्हते, वाडे नव्हते, त्यांनाच या साधनांची गरज अधिक. भटक्या जमातीतील कुटुंबाजवळ सनद नसते. शाळेतली एक नोंद असते, कोतवाल बुकातली एक ओळ असते, आजीला आठवणारी पालांची जागा असते. हे तुकडे साधनांसह एकत्र ठेवणारी घरची फाइल त्यांच्यासाठी हक्काचा कागद ठरू शकते. वंशावळ ही वाडेवाल्यांचीच मिरास मानून सोडून देणे म्हणजे हरलेली बाजू पुन्हा हरणे.

२६/
मात्र मुक्त असावे ते सॉफ्टवेअर. माणसे उघडी पडू नयेत. हयात व्यक्तीची जन्मतारीख, जात, दत्तकविधान, मोडलेले लग्न हे चारचौघांत मांडण्याचा अधिकार झाड काढणाऱ्या काकांना कोणी दिलेला नाही. शहरात आडनाव सांगितल्यावर भाड्याचे घर नाकारले जाते, अशा समाजात जातीचा रकाना भरून झाड जगासमोर टांगणे ही केवळ बेपर्वाई नाही, इजा आहे. फाइल बाहेर देताना हयातांची माहिती वगळण्याची सोय ग्रॅम्प्समध्ये आहे. ती वापरणे ही सभ्यतेची पहिली अट.

२७/
सरकारचाही वाटा आहे. कुणबी नोंदींच्या शोधात लक्षावधी जुनी पाने तपासली गेली. अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर त्यांच्या प्रतिमा चढल्या. पण सूचीविना नुसत्या प्रतिमा म्हणजे गंजीतली सुई. जनतेच्या पैशाने टिपलेल्या नोंदींना गाव, वर्ष आणि कागदाचा प्रकार यांची सूची हवी, जुन्या मृतांच्या नोंदी खुल्या परवान्याने हव्यात, आणि आंदोलन थंडावले म्हणून त्या पुन्हा बासनात जाता कामा नयेत.

२८/
घराण्यांनी करायचे ते थोडे आहे, पण नेमाने. आधी घरातल्या वृद्धांना विचारावे, विशेषतः आजींना. माहेरची नावे त्यांच्याजवळच असतात. कागदाचे छायाचित्र घ्यावे, मूळ कागद फेकू नये. नोंद मुक्त सॉफ्टवेअरमध्ये करावी, प्रत्येक नोंदीला साधन जोडावे. वर्षातून एकदा गेडकॉम फाइल काढून तीन घरांत तीन प्रती ठेवाव्यात. कंपन्यांची संकेतस्थळे शोधासाठी खुशाल वापरावीत. सापडलेले मात्र घरी आणावे. बाजारात जावे, तिजोरी बाजारात ठेवू नये.

२९/
तीनशे वर्षांपूर्वी गोतसभेत उभ्या राहिलेल्या वादीला पंच विचारीत : कागद कोठे आहे? तो कमरेची गाठ सोडून कागद पुढे करी. पुढच्या पिढ्यांनाही हा प्रश्न विचारला जाईल. न्यायालयात, दाखल्याच्या कार्यालयात, किंवा परदेशातून आलेल्या एखाद्या दूरच्या भावाकडून. तेव्हा ‘खाते होते, पण कंपनी बुडाली’ हे उत्तर कोणतीही सभा मान्य करणार नाही. कागद ज्याचा त्याच्या गाठीशी असावा. (समाप्त)